घाटावरील तुंबडी

गेल्या मार्गशीर्षांत बुलढाणें जिल्ह्यांत आठ दिवस राहण्याचा योग आला. त्या जिल्ह्यास लोक नाना कारणांनीं जातात. कोणी शेगांवीं श्रीगजाननमहाराजांच्या समाधीचें दर्शन घेतात, कोणी सिंदखेडराजा येथें जिजाबाईंचें जन्मस्थान पाहून येतात, आणि शास्त्राची आवड असलेले लोक लोणारच्या सरोवराच्या कांठावर उभे राहून आकाशांतून आलेल्या पाषाणाची कल्पना करितात. आम्ही मात्र आमची दुखरी मान आणि कंबर घेऊन निघालों होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमच्या नोकरीचीं पहिलीं तीन वर्षें याच जिल्ह्यांत, मेहकरच्या बाजूस गेलीं. पुढें नाशिकास दुसरी नोकरी लागली आणि तेथेंच आम्ही म्हातारे झालों. वह्या तपासतांना मान खालीं आणि फळ्यावर लिहितांना हात वर, अशा आसनांत पस्तीस वर्षें काढल्यावर पाठीनें तक्रार केली तर तिला दोष कसा द्यावा? मेहकरचा आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां स्वतःच पन्नाशी उलटलेला शेतकरी आहे, दर दिवाळीस न चुकतां आमची चौकशी करतो. या खेपेस दुखण्याची हकीकत कानीं पडतांच तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या आजीकडं या. तिच्या तुंबडीनं कितीकांच्या पाठी मोकळ्या झाल्या." आजी म्हणजे त्याची आई, घरांत नातवंडें आल्यापासून ती सर्वांचीच आजी झाली आहे.

तुंबडी हा प्रकार आम्हांस नवा नव्हता. आमच्या लहानपणीं कोणाची कंबर धरली, पाठींत उसण भरली, म्हणजे उपाय ठरलेले असत. पायाळू मनुष्य शोधून आणून त्याच्याकडून कंबरेवर हलकीशी लाथ मारून घ्यावयाची, हा पहिला. तापविलेल्या विटेचा शेक, हा दुसरा. आणि तिसरा तांब्याचा. कणकेच्या गोळ्यावर पेटती वात उभी करून तो गोळा दुखऱ्या जागीं ठेवावयाचा व त्यावर तांब्या पालथा घालावयाचा. वात विझे, तांब्या कातडीस घट्ट चिकटे आणि आंतील मांस फुगून वर येई. आमच्या मातोश्रींच्या हातचा हा तांब्या आमच्या पोटावर आणि पाठीवर अनेकदां बसलेला आहे.

गेल्या दोन वर्षांत दुखणें वाढलें, तेव्हां आमच्या मंडळींनीं तोच उपाय पुन्हां हातीं घेतला. तांब्याच्या ऐवजीं कांचेचा पेला आला आणि वातीच्या ऐवजीं स्पिरिटांत बुडविलेला कापूस. एके रात्रीं कापूस जास्त भिजला, पेल्याच्या कांठास स्पिरिट लागलें, आणि आमच्या उजव्या खांद्यामागें रुपयाएवढा फोड उठला. त्यावर आमच्या पुतण्यानें प्लास्टिकच्या पेल्यांचा एक संच आणून दिला. त्यांत विस्तवाचें काम नाहीं. पिचकारीसारख्या दट्ट्यानें आंतील हवा ओढून काढतां येते. अग्नीचें भय गेलें, आणि भयाबरोबर आमचा संयमहि गेला. आठवड्यांतून एकदां होणारी तुंबडी दर तिसऱ्या दिवशीं होऊं लागली. दोन रात्रीं झोंप बरी लागे. तिसऱ्या दिवशीं पहिले पाढे पंचावन्न. मध्यंतरीं उजव्या हाताच्या आंगठ्यास आणि तर्जनीस मुंग्या येऊं लागल्या होत्या. त्या आम्हीं वयाच्या खातीं जमा करून टाकल्या, आणि मंडळींसहि सांगितल्या नाहींत.

असो. नाशिकरोडास रात्रीं गाडींत बसलों तों पहांटे मलकापुरास उतरलों. मलकापूर, नांदुरें, शेगांव हा भाग घाटाखालचा. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, सपाट, कापसाची ही जमीन. कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओळी सकाळींच शेतांत उतरल्या होत्या आणि मधून मधून तूर उभी होती. मोताळ्याच्या पुढें राजूरचा घाट लागतो. तो चढून गेलें कीं हवा पालटते, जमीन पालटते आणि थोडीशी बोलीहि पालटते. जिल्ह्यांतील लोक स्वतःस घाटावरचे किंवा घाटाखालचे म्हणवितात, तें उगाच नव्हे. अजिंठ्याच्या डोंगरांची ही ओळ जिल्ह्याच्या मधून गेली आहे. तिच्या खालचें पाणी पूर्णेंत जातें, पूर्णा तापीस मिळते आणि तापी पश्चिम समुद्रास. उलट घाटावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेची वाट धरते. वर्धेच्या द्वारां तिचें पाणी गोदावरींत आणि तेथून पूर्वसमुद्रांत पोंचतें. भूगोल शिकवितांना, हा डोंगर म्हणजे जिल्ह्याच्या पाठीचा कणा, असें आम्ही मुलांस सांगत असूं. त्या दिवशीं एस्. टी.ची मोटार त्या कण्यावर वळणें घेत चढत होती, आणि आमच्या कण्यांतील एकूण एक मणका आपली हजेरी देत होता.

बुलढाणें शहर घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. भिल्लांचें ठाणें तें भिलठाणें, आणि त्यावरून बुलढाणें, अशी व्युत्पत्ति तेथें कोणीहि सांगतो. आमच्या व्याकरणास ती पुरतेपणीं पटत नाहीं; पण सकाळच्या त्या गार वाऱ्यांत चहा घेतांना वाद घालण्याची इच्छा झाली नाहीं. पुढें चिखलीवरून मेहकरास पोंचेपर्यंत दुपार झाली.

मेहकर पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. येथील शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ति 1888 सालीं जमिनीखालीं सांपडली. नोकरींत असतांना आम्ही दर शनिवारीं त्या देवळांत जाऊन बसत असूं. शार्ङ्ग हें विष्णूचें धनुष्य, तें धारण करणारा तो शार्ङ्गधर. याच नांवाच्या एका पंडितानें सुमारें सहा-सातशें वर्षांपूर्वीं वैद्यकावर एक संहिता लिहिली आहे. त्या पंडिताचा आणि मेहकरच्या या देवाचा संबंध नामसादृश्यापलीकडे कांहीं नाहीं. परंतु त्या दिवशीं सभामंडपांत बसलों असतां नेमकी त्या संहितेच्या उत्तरखंडांतील एक गोष्ट आठवली. शरीरांतील दुष्ट रक्त कोणतें साधन किती अंतरावरून ओढतें, याचें मापच तेथें दिलें आहे: शिंग दहा अंगुळांवरून, तुंबी बारा अंगुळांवरून आणि जळू हातभर अंतरावरून. तुंबी म्हणजे भोपळा. तिचीच पुढें तुंबडी झाली. परक्याच्या पैशानें 'आपली तुंबडी भरून घेणाऱ्या' लोकांची तुंबडी मात्र वैद्याची नव्हे, ती भिक्षेकऱ्याची. मूळ फळ एकच.

विद्यार्थ्याच्या घरीं गेलों तेव्हां आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढें, देह काटकुळा, पण हाताचीं बोटें सुतारासारखीं मजबूत. आम्हांस वाटलें होतें कीं पाणी, चहा, कुशल विचारणें झालें म्हणजे पाठ उघडी करावी लागेल आणि तुंबडी बसेल. तसें कांहीं झालें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं आम्हांस दिव्याजवळ बोलाविलें आणि जी प्रश्नपत्रिका काढली, ती आमच्या उभ्या आयुष्यांत आम्हीं मुलांस घातली नसेल.

ताप येतो का? रात्रीं पडल्यावर दुखणें वाढतें कीं उतरतें? वजन घटलें आहे काय? लघवीस त्रास होतो का? साखर आहे काय? मग म्हणाल्या, "रगत पातय कराची गोयी घेता काय, गुरुजी? घेत असान तं आधीच सांगा. मांगं एका बाईनं सांगितलं नाही, तिची पाठ वांग्यावानी काळी पडली." तसली गोळी आम्ही घेत नव्हतों. मग त्यांनीं आमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "दाबा. जोरानं दाबा." आम्हीं दाबले. त्यांनीं पुन्हां दाबावयास लावले. मग विचारलें, "बोटाले मुंग्या येतात काय?"

"कधीं कधीं येतात," आम्हीं म्हटलें. आमच्या मंडळींनीं चमकून आमच्याकडे पाहिलें.

"कोन्या बोटाले?"

आम्हीं आंगठा व तर्जनी दाखविली. आजींनीं आमचे हात सोडले. "डावा जोर धरते, उजवा नाही धरत. तुमच्या मानेले म्या हात लावत नाही. कंबरेचं उद्या पाहू. मानेसाठी डाक्टरले दाखवा."

आम्ही थोडे नाराज झालों. इतक्या दूरवरून मानेसाठींच आलों होतों. आम्हीं तसें बोलून दाखविलें, आणि शार्ङ्गधरसंहितेचा आधारहि सांगितला. आजी कांहीं वेळ शेंगांच्या टोपलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं आपल्या यजमानांची हकीकत सांगितली. ती त्यांच्याच बोलींत देण्याइतकी आमची स्मृति चांगली नाहीं, सारांश असा. यजमानांची कंबर दुखे आणि कळ मांडीवरून पोटरीपर्यंत उतरे. आजींनीं एक संबंध हिंवाळा त्यांस तुंबड्या लावल्या. दर खेपेस बरें वाटे, म्हणून ते शेतावर जात आणि संध्याकाळीं पुन्हां पाठ उघडी करून बसत. मग त्यांचें उजवें पाऊल घासूं लागलें, चप्पल पायांतून निसटूं लागली. अकोल्यास नेईपर्यंत पायाची शक्ति गेली होती, ती पुढें पुरती परत आली नाहीं. शेवटपर्यंत ते काठी घेऊन चालले. "मले वाटे म्या त्याईले बरं करतो," आजी म्हणाल्या. एवढेंच त्यांचे शब्द आम्हांस जसेच्या तसे आठवतात. त्या रात्रीं शार्ङ्गधराचें नांव आम्हीं पुन्हां काढलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कंबरेची तुंबडी झाली. ती कृति आम्हीं नीट पाहून घेतली, म्हणजे मंडळींनीं पाहिली. आम्ही पालथे पडलेलों होतों. आजींची तुंबडी म्हणजे मातीचें एक लहान बोळकें. त्याचा कांठ त्यांनीं दगडावर घासून अगदीं गुळगुळीत केलेला आहे. प्रथम कंबरेवर कोमट तिळाचें तेल चोळलें. मग सपाट चकतीएवढा कणकेचा गोळा ठेवून त्यांत तुपाची बोटभर वात लावली. वात नीट पेटल्यावर बोळकें तिच्यावर पालथें घातलें आणि तळहातानें क्षणभर दाबून धरलें. थोड्याच वेळांत कातडी आंत ओढली जात असल्याचें जाणवूं लागलें. दुखत नाहीं, एखाद्या मोठ्या ओठानें कंबर धरून ठेवावी तसें वाटतें. आजी मनांतल्या मनांत कांहीं मोजीत होत्या. पांचएक मिनिटांत त्यांनीं बोळक्याच्या कडेशीं बोटानें कातडी दाबली, फुस्स असा आवाज झाला आणि बोळकें सुटलें. कण्याच्या हाडावर एकदांहि ठेवलें नाहीं. दोहों बाजूंच्या मांसल भागावरच दोन-दोनदां ठेवलें. नंतर गरम कपड्यानें पाठ झांकून अर्धा तास पडून राहण्याची आज्ञा झाली. तो अर्धा तास कोणी आपल्याशीं बोलूं नये, फोन वाजूं नये, आणि जवळच चुलीवर भाकरी भाजली जात असावी, यांत निम्मा गुण आहे, असें आमचें मत आहे.

ही विद्या त्यांस कोठून मिळाली, असें विचारलें. पूर्वीं हिंवाळ्यांत गांवाबाहेर वैदूंचे पाल पडत. वैदू हे मूळचे तेलुगु मुलुखाकडील लोक. घरांत अद्याप त्यांची बोली तेलुगूच्या वळणाची आहे. झाडपाला विकणें, जळवा व तुंबड्या लावणें हा त्यांचा परंपरागत धंदा. त्यांतील एका म्हाताऱ्याच्या हाताखालीं बसून आजींनीं पाहिलें. तो कातडीस बारीक फांसण्या टाकून रक्त काढी. तें मात्र आजींनीं कधीं उचललें नाहीं. "रगत काढाचं काम घरचं नाही," असें त्यांचें म्हणणें आहे, आणि आम्हांस तें पटलें. एकाच पात्यानें दहा जणांस फांसण्या टाकल्या तर एकाचा रोग दहांस जावयाचा.

येथें बोळकें कां चिकटतें याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यांतील मास्तरास चैन पडणार नाहीं. ताटलींत पाणी घालून मधोमध मेणबत्ती लावावयाची आणि वर पेला पालथा घालावयाचा, हा प्रयोग शाळेंत सर्वांनींच केला आहे. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यांत चढतें. ज्योतीनें प्राणवायु खाल्ला म्हणून जागा रिकामी झाली, असें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस सांगितलें. तें बव्हंशीं चुकीचें होतें. प्राणवायु जळून गेला तरी त्याच्या जागीं दुसरा वायु तयार होतोच. खरें कारण उष्णतेचें: ज्योतीनें हवा तापून फुगते, तिचा कांहीं भाग कांठांतून निसटतो, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. आंतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा कातडीस आंत लोटते. आमच्या हाताखालून गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांनीं ही दुरुस्ती कृपा करून लिहून घ्यावी.

शास्त्रार्थाविषयीं म्हणाल तर सुश्रुतानें रक्त काढण्याचीं तीन साधनें दोषांप्रमाणें वांटून दिलीं आहेत: वातानें बिघडलेल्या रक्तास शिंग, पित्ताच्या रक्तास जळू, आणि कफाच्या रक्तास अलाबु, म्हणजे भोपळा. शिंगाची हवा तोंडानें ओढावयाची, भोपळ्यांत दिवा ठेवावयाचा. वाग्भटानें तर भोपळ्याचें मापहि दिलें आहे, लांबी बारा अंगुळें आणि घेर अठरा. कंबर धरणें हा आपल्याकडे वाताचा विकार समजतात; तेव्हां ग्रंथाप्रमाणें आम्हांस शिंग लावावयास हवें होतें, आणि आजींनीं लावलें बोळकें. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या दोघां आचार्यांच्या विधींत आधीं कातडीस फांसण्या टाकलेल्या असतात. त्यांचा हेतु रक्त बाहेर काढण्याचा. घरोघर जी कोरडी तुंबडी लावतात तींतून थेंबभरहि रक्त बाहेर पडत नाहीं. म्हणून कोरड्या तुंबडीस सुश्रुताची साक्ष काढणें म्हणजे एकाच्या खटल्यांत दुसऱ्याचा साक्षीदार उभा करणें होय. मेहकरच्या ओसरीवर आम्हीं तेंच केलें होतें.

हा उपाय केवळ आपलाच आहे असेंहि नाहीं. ग्रीक हिपोक्रॅटिसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत तो आहे. अरबी वैद्यकांत त्यास हिजामा म्हणतात आणि आपल्याकडील मुसलमान कुटुंबांत तो अद्याप चालतो. रशिया आणि पोलंड येथील घरांतून कांचेच्या वाट्यांचा डबा आजीबाईच्या बटव्यासारखा जपून ठेवलेला असे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल हा 1929 सालीं पॅरिसच्या एका धर्मार्थ रुग्णालयांत पडला असतां त्याच्या पाठीवर असे पेले लावण्यांत आले, आणि त्याचें वर्णन त्यानें पुढें 1946 सालीं एका निबंधांत केलें. त्यांत कृतज्ञता मुळींच नाहीं. 2016 सालच्या रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत मायकेल फेल्प्स या अमेरिकन जलतरणपटूच्या खांद्यावर असेच वाटोळे डाग साऱ्या जगानें पाहिले, आणि तेव्हांपासून शहरांतील तरुण मंडळींत या आजीबाईच्या औषधास पुन्हां प्रतिष्ठा आली. आमचा पुतण्या त्यांपैकींच एक.

ते डाग कसले, याविषयीं मात्र फार गैरसमज आहे. 'वाईट रक्त वर आलें', 'विष बाहेर पडलें', असें लोक डाग दाखवून समाधानानें सांगतात. आम्हीहि सांगत असूं. डाग जितका काळा तितकें विष जास्त, असा आमच्या घरचा हिशेब होता. वस्तुतः ओढीमुळें कातडीखालच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आंतल्या आंत सांडतें. मुका मार लागल्यावर जें होतें तेंच हें. डाग आठ-पंधरा दिवसांत जिरतो, कारण शरीर तें सांडलेलें रक्त पुन्हां आवरून घेतें. बाहेर कांहींच जात नाहीं. आजींच्या बोळक्याचे डाग फिकट गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशीं दिसेनासे झाले. त्यांच्या मतें काळा डाग म्हणजे लावणाऱ्याची चूक.

मग गुण येतो तो खरा कीं खोटा? अलीकडे जर्मनी, चीन, कोरिया वगैरे देशांत यावर बऱ्याच चांचण्या झाल्या आहेत. मानेच्या आणि कंबरेच्या जुनाट दुखण्यांत तुंबडीनें कांहीं दिवस उतार पडतो, असें त्यांतील अनेकांत दिसून आलें. परंतु चांचण्या लहान, आणि त्यांत एक मोठी अडचण अशी कीं, औषधाच्या गोळीऐवजीं साखरेची गोळी देऊन रोग्यास फसवितां येतें, तसें येथें करतां येत नाहीं. तुंबडी बसली कीं नाहीं हें पाठीस कळतेंच. म्हणून गुण ओढीचा किती, चोळण्याचा किती, विश्रांतीचा किती आणि मायेच्या हाताचा किती, हें निराळें काढून दाखविणें कठीण. आमच्या कंबरेपुरतें बोलावयाचें तर ती दुसऱ्या दिवशीं बरीच मोकळी झाली होती, आणि त्या भरंवशावर आम्ही लोणारास निघालों.

लोणार तेथून फार दूर नाहीं. सरोवराचा वाटोळा खळगा सुमारें 1.8 किलोमीटर रुंद, सभोंवार झाडीनें भरलेली उभी भिंत, आणि तळाशीं हिरवट खारें पाणी. उल्कापातानें बसाल्टाच्या खडकांत झालेला हा खळगा. त्याचें वय पूर्वीं पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत, नंतरच्या एका मोजणीनें तें पांच लाखांच्या पलीकडे गेलें आहे. 2020 च्या जूनमध्यें याचें पाणी गुलाबी झालें तेव्हां लोकांनीं नाना तर्क केले. खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा तो रंग होता. त्याच वर्षीं रामसर करारांतील पाणथळ जागांच्या यादींत लोणारचें नांव गेलें. पण गांवची कथा निराळी आहे. लवणासुर नांवाचा दैत्य येथें भूमीखालीं राहत असे. विष्णूनें त्याच्या बिळावरील झांकण पायाच्या आंगठ्यानें उडविलें आणि त्यास मारलें. सरोवराचें पाणी हें त्या दैत्याचें रक्त, आणि क्षार हें त्याचें मांस. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्याच विष्णूचें. कांठावरून खालीं पाहतांना, धरणीच्या पाठीवर कोणी प्रचंड तुंबडी लावली असावी आणि रक्त वर आलें असावें, अशी कल्पना मनांत आली, ती आम्हीं मंडळींस ऐकविली. त्यांनीं ती ऐकली न ऐकलीसें करून, पायऱ्या जपून उतरा, एवढेंच सांगितलें.

पायऱ्या आम्ही जपूनच उतरत होतों. उजव्या हातांत काठी होती. अर्ध्या वाटेवर, कांहीं धक्का न लागतां, ठेंच न लागतां, ती काठी हातांतून सुटली. आमचीं बोटें मिटलेलीं आहेत असेंच आम्हांस वाटत होतें. पाहतों तों मूठ अर्धी उघडी, आणि काठी पायऱ्यांवरून खडखडत खालीं चालली होती. मागून येणाऱ्या एका मुलानें ती धांवत जाऊन आणून दिली. आम्ही तेथेंच एका पायरीवर बसलों आणि उजव्या हातानें पंचाचें टोंक घट्ट धरून पाहिलें, सोडलें, पुन्हां धरून पाहिलें. मंडळी शेजारीं बसल्या. मुंग्या केव्हांपासून येतात, असें त्यांनीं विचारलें. श्रावणापासून, असें आम्हीं सांगितलें. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. खालीं तळापर्यंत आम्ही गेलोंच नाहीं.

नाशिकास परतल्यावर पहिलें काम मानेचें. चित्र काढलें, तपासण्या झाल्या. मानेच्या पांचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूवर दाब येत होता. आंगठा आणि तर्जनी यांकडे जाणारा तंतु तोच. पेले मानेवर कितीहि वेळां लावले असते तरी ते कातडीस आणि वरच्या मांसास ओढणार. आंतील हाडाच्या फटींतला दाब त्यांनीं उतरणार नव्हता. दुखणें मात्र ते दोन-दोन रात्रीं झांकीत होते, आणि आम्ही श्रावण ते मार्गशीर्ष स्वस्थ बसलों होतों. डॉक्टरांनीं हाताची शक्ति मोजून ठेवली. शक्ति आणखी घटली तर शस्त्रक्रियेचा विचार, तोंपर्यंत व्यायाम आणि औषध, असें ठरलें. दोन उशांच्या जागीं एक पातळ उशी आली. हनुवटी मागें घेण्याचा, खांदे फिरविण्याचा व्यायाम दिवसांतून तीनदां. हा व्यायाम करितांना आम्ही आरशांत कोंबड्यासारखे दिसतों. वाचण्याचें पुस्तक मांडीवर न ठेवतां डोळ्यांसमोर उभें धरावें म्हणून जुनें व्यासपीठ माळ्यावरून काढलें. प्लास्टिकचे पेले पुतण्यास परत केले. कंबर फारच धरली तर मंडळी अजून कधीं तरी मातीचें बोळकें लावतात, तें आजींनींच येतांना बांधून दिलें होतें. कांठास हात लावून खरखरीत तर नाहीं ना हें पाहिल्याशिवाय लावावयाचें नाहीं, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

फाल्गुनाच्या अखेरीस मुंग्या पुष्कळच कमी झाल्या आणि डॉक्टरांच्या मोजणींत हाताची शक्ति पूर्वीपेक्षां बरी निघाली. त्या दिवशीं आम्हीं आजींस एक पत्र लिहिलें. फोनवर कळवितां आलें असतें, पण पत्रच लिहिलें, दोन पानी, उजव्या हातानें, बोरूच्या वळणाच्या आमच्या जुन्या अक्षरांत. आजींस वाचतां येत नाहीं. विद्यार्थी सांगत होता कीं, त्यानें पत्र वाचून दाखविल्यावर त्यांनीं तें मागून घेतलें, उलटसुलट करून पाहिलें, ओळींवरून बोट फिरविलें आणि विचारलें, "हे गुरुजीनं सोताच्या हातानं लिवलं काय?" हो म्हटल्यावर त्यांनीं तें घडी करून बोळक्यांच्या फळीवर ठेवून दिलें, आणि आमच्या मंडळींची कंबर कशी आहे म्हणून विचारलें.